कोरड्या अंगणातली बोट

मार्च उतरणीला लागला की आमच्या गल्लीतले कूलर बाहेर निघतात. वर्षभर धूळ खात पडलेले ते पत्र्याचे खोके ओट्यावर येतात, त्यांच्या ताट्यांमधला काळा पडलेला वाळा उपसला जातो, टाकीचा गंज खरवडला जातो, आणि मग दुपारी केव्हातरी कुणीतरी रंगाचा डबा उघडतो. ऑइल पेंट, टर्पेंटाइन आणि तापलेला पत्रा. पळस नुसता दिसतो, त्याला वास नसतो. वर्ध्याचा उन्हाळा आल्याचं नाकाला सांगतो तो हा रंगाचा वास.

बाकीच्यांचं या वासाने डोकं दुखतं. माझे कान गरम होतात. वासाने माणसाला गाव आठवतं, आईचा पदर आठवतो, असं लोक सांगतात. मला वासाने लाज वाटते. साठी उलटून गेली तरी वाटते. मी उठून खिडकी लावून घेते, आणि लावताना आणखी थोडी ओशाळते, कारण खिडक्या लावून घेणं ही आमच्या घरची जुनी सवय.

आम्ही ढिवर. हे वाक्य आज मी एका दमात लिहिलं. माझ्या माहेरी, देवळीला, हे वाक्य कुणी उच्चारत नसे. बाबा सरकारी ऑफिसात कारकून होते. रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. "तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं की ते "पुलगावकडचे" एवढंच सांगत. पुलगावकडचे म्हणजे नदीकाठचे, नदीकाठचे म्हणजे नावेवरचे आणि जाळ्यावरचे, हे पुढचं सगळं त्या एका शब्दाच्या मागे झाकलेलं असे. घरी मासे आणले की आई आधी रस्त्याकडच्या खिडक्या लावायची, मग फोडणी द्यायची. आम्ही धुरात खोकत जेवायचो. जेवल्यावर बाबा लिंबाच्या फोडीने हात घासत, नखांच्या आतून, पुन्हा पुन्हा. शाळेत असताना मास्तर त्यांना मागच्या बाकावर बसवायचे आणि वर्गाला विचारायचे, कशाचा वास येतो रे? हे मला आईने सांगितलं. बाबांनी कधीच सांगितलं नाही.

अशा घराच्या अंगणात एक दिवस बोट आली.

ते वर्ष ऐंशीनंतरचं. मी वर्ध्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणजे लग्नासाठी बसले होते. सकाळी भाजी निवडत होते तर रस्त्यावर पोरांचा गलका ऐकू आला. बाहेर पाहिलं तर बैलबंडीवर पालथी घातलेली, बंडीच्या पुढेमागे हात-हात बाहेर आलेली, उन्हात डोळ्यांवर चमक मारणारी ती वस्तू. मागून तिला धरून चालत येत होता सोमामामा, आईचा धाकटा भाऊ. डोक्याला दुपट्टा, अंगात बनियन, चेहऱ्यावर वरातीतल्या नवरदेवाचं तेज.

"अवो बाप्पा! हे काय आणून राह्यले जी?" समोरच्या काकूंनी दारातून विचारलं.

"बोट हाय," मामा म्हणाला. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

मामाचं गाव एका लहान धरणाच्या काठी होतं. धरण बांधत होते तेव्हा इंजिनीअर लोकांना पाण्यावरून हिंडायला ही मोटरबोट आणली होती. पुढे निमुळतं नाक, त्यामागे काचेचा तुटका पडदा, मोटारीसारखं चाक बसवायची जागा, आणि सगळ्या अंगावर रिबिटांच्या ओळी. काम संपलं, मोटर कुणीतरी काढून नेली, आणि बोट कितीतरी वर्षं काठावर उलटी पडून राहिली. बकऱ्या तिच्या सावलीला बसायच्या. शेवटी भंगारात निघाली तेव्हा गावातल्या मासे मारणाऱ्या पाच-सहा घरांनी मिळून ती घेतली. त्यांचे लाकडी डोंगे दर दोन पावसाळ्यांनी कुजायचे. "अल्युमिनम सडत नाई," मामा आम्हाला कौतुकाने सांगत होता. "वल्हवत न्यायची. मोटर नाई तं नाई. पोरं म्हातारे होतीन, पन बोट नाई होनार."

गावात ना हत्यारं, ना रंगाचं दुकान, ना धड वीज. म्हणून त्याने ती बहिणीच्या अंगणात आणली होती. आईनेच त्याला तसं सांगितलं होतं, बाबांना न विचारता.

बाबा संध्याकाळी ऑफिसातून आले. फाटकातच थांबले. सायकल स्टँडवर लावायचंही विसरले.

"इथे? अंगणात?"

"मंग काय डोक्यावर ठेवू?" आई म्हणाली.

"लोक विचारतील."

"विचारतीन तं सांगजा."

बाबा घरात गेले, आणि त्या दिवसापासून मागच्या दाराने ये-जा करू लागले.

आधी जुना रंग काढायचा होता. पत्र्यावर रंगाचे थर होते: वर करडा, त्याखाली फिका हिरवा, त्याखाली निळा, आणि सगळ्यात खाली उघडा, ओरखडे पडलेला पांढरा धातू. खरवडणीने थर निघत. मामा एका बाजूने, आई दुसऱ्या बाजूने. अंगणात रंगाच्या सालपटांचा सडा पडे आणि चिमण्या तो दाणा समजून चोची मारून निराश होत. मग पॉलिश पेपरने घासणं. मीही घासायचे, पण दुपारी, गल्ली झोपल्यावर, तोंडाला ओढणी बांधून. धूळ नाकात जाऊ नये म्हणून बांधते, असं म्हणायचे.

आईला मी तोवर फक्त कारकुनाची बायको म्हणून ओळखत होते. नवऱ्याचे शर्ट स्टार्चमध्ये बुडवणारी, हळू बोलणारी, हळदीकुंकवाला मागच्या रांगेत बसणारी. त्या उन्हाळ्यात तिने साडीचा काचा मारला आणि ती दुसरीच कुणी झाली. सैल झालेल्या रिबिटा बदलायच्या होत्या. मामा बोटीच्या आत शिरून रिबिटीच्या मागे लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि आई बाहेरून हातोडी घालायची. "ठोक बाई!" आतून मामाचा आवाज यायचा, हंड्यातून आल्यासारखा. ठण्, ठण्, ठण्. तो आवाज बसस्टँडपर्यंत जात असेल. रविवारी बाबा सकाळीच वाचनालयात जाऊन बसत आणि दिवेलागणीला परत येत.

मला त्या ठणठणाटाची लाज वाटायची आणि आईचा हात वर जाताना पाहणं सोडवतही नसे. दोन्ही एकाच वेळी. माणसाच्या आत या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात, एकमेकींशी न बोलता, हे मला तेव्हा कळलं.

बोट गळते कुठे हे पाहायला आईने सांगितलेला उपाय असा, की बोटीत पाणी भरायचं. बाहेरून पाण्यात ठेवली तर आत पाणी कुठून येतं ते कळत नाही, पण आत भरलं की भोकातून थेंब बाहेर येतो. विहिरीचं पाणी ओढून ओढून आम्ही ती अर्धी भरली. भर एप्रिलात, देवळीच्या गल्लीत, विटांवर ठेवलेली पाण्याने भरलेली बोट! लोक कुंपणावरून वाकून पाहायला आले. "बोट पान्यात राह्यते का पानी बोटीत?" कुणीतरी म्हणालं, आणि हसं पिकलं. आई खाली वाकून खडूने थेंबांभोवती गोल काढत होती. तिने मान वर केली नाही. काम झाल्यावर तेच पाणी तिने हसणाऱ्या बायांना वाटलं. समोरच्या काकूंनी दोन बादल्या नेल्या, अंगण सारवायला.

आणि मग प्रायमरची फजिती. मामाने कूलरला, फाटकाला, कशालाही मारतात तो लाल प्रायमर मारला. बोट तांबडीलाल झाली, छान दिसली. दोन दिवसांनी वाळल्यावर त्याने अंगठ्याचं नख लावलं तर सायीसारखा पापुद्राच हातात आला. मग दुसऱ्या ठिकाणी, मग तिसऱ्या. सगळा रंग बोटीवर नुसता पांघरलेला होता, कुठेच धरलेला नव्हता. पुलगावच्या रंगाच्या दुकानदाराने त्याला सांगितलं की हा लोखंडाचा प्रायमर, अल्युमिनियमला पिवळसर हिरवा वेगळा मिळतो. परत येऊन मामा बोटीजवळ उकिडवा बसला. "बाई, साऱ्याइची मेहनत पान्यात घातली मी," असं म्हणून मान खाली घालून बसून राहिला. मामाला लाजताना मी पाहिलं ते तेवढंच. पण ती लाज कामाची होती. दुसऱ्या दिवशी त्याने खरवडणी हातात घेतली आणि संध्याकाळपर्यंत ती लाज उतरली. चुकलेल्या कामाची लाज कामानेच जाते. आपण कोण आहोत याची लाज मात्र खरवडायला कुठून सुरुवात करावी, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

नागपूरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा, वडील मोठ्या हुद्द्यावर. आपल्यातलेच, अर्थातच, पण "सुधारलेले". हा बाबांचा शब्द. पाहुणे रविवारी दुपारच्या बसने येणार होते. बाबांनी मोठी ताडपत्री मागून आणली होती, बोट झाकून टाकायला. मामाला त्यांनी सरळ सांगितलं नाही, आईला सांगितलं, की सोमाला त्या दिवशी गावी जाऊन यायला सांग.

पाहुणे सकाळच्या बसने आले.

बोट पालथी होती, अर्धी हिरव्या-पिवळ्या प्रायमरची, अर्धी उघडी. मामा ब्रश घेऊन तिच्या पाठीवर वाकलेला. आईचे हात कोपरापर्यंत रंगलेले. ताडपत्री घडी घालून ओट्यावर. फाटक वाजलं आणि बाबा आतून बनियनवरच बाहेर आले, पाहुण्यांना पाहून जागीच थिजले. आई मागच्या बाजूला पळाली, रॉकेलने हात धुवायला. मी दाराच्या फटीतून पाहत होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलाचे वडील थेट माझ्या वडिलांसारखे दिसत होते.

ते बोटीपाशी थांबले.

"हे काय आहे?"

बाबांच्या तोंडून काही निघण्याआधी मामाच बोलला. "मी रंगवाला हाव जी. बोट सरकारी हाय, रंग द्याले आनली. तुम्ही आतमंदी बसा, ऊन लागन."

बाबांनी मान डोलावली. नुसती मान. मग त्या गृहस्थांनी कुंपणाला टेकवलेला लांब बांबू पाहिला, बोट रेटायचा, खालच्या टोकाला लोखंडाची टोपी घातलेला. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"हा बांबू कशासाठी असतो?"

"काय माहीत," बाबा म्हणाले. "या लोकांचं असतं काहीतरी."

मामा ब्रश चालवत राहिला. खाली, वर. खाली, वर.

मी ट्रे घेऊन बैठकीत गेले. मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मी उत्तरं दिली. काय दिली ते आठवत नाही. "या लोकांचं" हे दोन शब्द माझ्या कानात बसले होते. खिडकी उघडी होती. त्या दिवशी नेमकी ती कुणी लावली नव्हती. खिडकीतून अंगण दिसत होतं. मामासाठी चहा बाहेर पाठवला होता. आई मागच्या दाराने अंगणात आली, तिच्या हातात तिचाही कप होता. ती मामाशेजारी जमिनीवर बसली, बोटीला पाठ टेकून, आणि दोघं बशीत ओतून चहा प्यायला लागली. मुलाचे वडील त्या खिडकीतून बाहेर पाहत राहिले. त्यांचा स्वतःचा चहा गार होऊन वर साय धरली.

पाहुणे बसला गेल्यावर मामाने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि आईला म्हणाला, "बाई, तो केशव व्हय. आपल्या काठावरचा. लहानपनी माह्या संग गरी टाकाले यायचा. त्याच्या बापाचा डोंगा आपल्या बाबाच्या डोंग्याच्या बाजूले बांधला राहे."

"वळखलं त्यानं तुले?"

"वळखलं ना. त्यानं मले वळखलं, मी त्याले वळखलं. म्हून तं मी काई बोललो नाई."

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. "तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल," एवढं म्हणून ते आत गेले. थोड्या वेळाने त्यांनी खिडकी लावल्याचा आवाज आला.

दोन माणसं एकाच नदीवर वाढलेली, दोघांच्या बापांचे हात त्याच बांबूला घासून कडक झालेले. एक विचारतो हे काय आहे, दुसरा सांगतो मला माहीत नाही, आणि दोघांनाही माहीत असतं की समोरच्याला माहीत आहे. आज हा प्रसंग मी सांगते तेव्हा ऐकणारे हसतात. मीही सुरुवातीला हसते. मधेच कुठेतरी हसू थांबतं.

आठवड्याभरात होकार आला. तेव्हा बाबांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. आमच्याकडे बोहल्यावर मुलीला मामा घेऊन येतो. अंतरपाट धरला की गुरुजी पुकारा करतात, आणि मामा भाचीचा हात धरून आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. आणि माझा मामा तर पाहुण्यांना रंगवाला म्हणून माहीत.

"हिंगणघाटचा तुझा चुलतभाऊ आहे," बाबा आईला म्हणाले. "तोही मामाच लागतो."

"सोमा हाय ना."

"त्याची ओळख आता काय म्हणून करून द्यायची? आपण सांगितलंय की—"

"आपन नाई सांगितलं. त्यानं सांगितलं. तुमच्यासाठी."

मामा तेव्हा बोटीला शेवटचा हात देत होता. रंग लाल होता, आईने निवडलेला. मामाला निळा हवा होता, आई म्हणाली, "पान्याच्या रंगाची बोट कायले पाह्यजे? उलटली तं दिसन कशी?" त्यांच्या बापाची नाव उलटली तेव्हा ती दिवसभर सापडली नव्हती, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. मामाने घरातलं बोलणं ऐकलं होतं. तो हात पुसत दारात आला.

"मले नाई जमत लग्नाले," तो म्हणाला. "बोट पान्यात टाकाची हाय. लोकं वाट पाहून राह्यले तिकडं."

कुणी त्याला थांब म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं, पण लग्नाच्या मुलीने बोलू नये हे कारण मला फारच चटकन सापडलं. दुसऱ्या दिवशी बंडी आली. लाल बोट गल्लीतून निघाली तेव्हा समोरच्या काकूही बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मस्त दिसून राह्यली जी!" अंगणात बोटीच्या आकाराचा एक लांबट डाग उरला, कडेने लाल ठिपके. बाबांनी त्यावर मुरूम टाकून घेतला, तिथेच मांडव घालायचा होता.

लग्नाच्या दिवशी कडुनिंबाला भोंगा बांधला होता. गुरुजींच्या समोर माइक. अंतरपाट धरला आणि भोंग्यातून सगळ्या देवळीला ऐकू गेलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." हिंगणघाटचे चुलतमामा पुढे झाले, त्यांनी माझं कोपर धरलं. त्यांना मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. मी एक पाऊल टाकलं.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

ते माझे सासरे होते. ते मुलाच्या बाजूने गुरुजींच्या जवळ उभे होते, माइकच्या अगदी पुढे.

"हे मामा नव्हेत," ते म्हणाले.

"आहेत ना, हिंगणघाटचे..." बाबा कसेबसे म्हणाले.

"सोमा कुठं हाय?" सासरे म्हणाले. माझ्या ऐकण्यात ते पहिल्यांदाच असं, मामासारखं बोलले. "मी वळखतो सोमाले. तो येत नाई म्हनला, का तुम्ही येऊ देल्लं नाई?"

हे सगळं भोंग्यातून गेलं. कडुनिंबावरून, पत्र्यांवरून, बसस्टँडपर्यंत. मांडवात बाबांचं सगळं ऑफिस बसलं होतं. गुरुजींनी घाईने माइकवर हात ठेवला तेव्हा फक्त एक कर्कश शीळ निघाली, आणि मग आचाऱ्यांकडे पातेल्यातला झारा वाजला तोही ऐकू आला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात शर्टावरून काहीतरी झटकत होते, जिथे काहीच नव्हतं. मी नजर खाली केली. नवरी लाजली, असं बायकांना वाटलं असेल.

"मुहूर्त..." गुरुजी पुटपुटले.

आई बायकांमधून उठली. भरल्या मांडवातून ती चालत आली, हिंगणघाटच्या चुलतमामांचा हात तिने माझ्या कोपरावरून हळूच काढला आणि माझा हात स्वतःच्या हातात घेतला. तिच्या नखांच्या कडांना अजून लाल रंग होता, इतक्या दिवसांत तो निघाला नव्हता.

"माह्या भावाच्या जागी मी हाव," ती गुरुजींना म्हणाली. "म्हना तुम्ही."

मंगलाष्टकं झाली. आई माझ्या मागे उभी राहिली, मामाने उभं राहायचं असतं तशी.

पुढे बऱ्याच वर्षांनी, आजारी असताना, सासरे मला एकदा म्हणाले, "त्या बांबूवर माझा बाप जगला. आणि मी विचारलं, हा कशासाठी असतो." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "मांडवात तुझ्या बाबांना मी बोललो नाही गं. मी मलाच बोलत होतो. माइक पुढे आहे हे कळलंच नाही." मला त्यांना सांगायचं होतं की बरं झालं, तुम्ही बोललात. पण एका माणसाच्या लाजेपायी दुसऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पडावं लागलं, त्याला बरं झालं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी त्यांच्या पायावर चादर ओढली.

मांडव परतणीला आम्ही देवळीला आलो तेव्हा माझे यजमान बाबांना म्हणाले, "मामांच्या पाया पडायला जायचं आहे." साधेपणाने म्हणाले. बाबांनी नुसतं "हो" म्हटलं, आणि सकाळी पाहते तर तेही चप्पल घालून तयार. बसमध्ये ते आमच्यापासून लांब, खिडकीशी बसले.

मामा काठावर जाळं सोडवत बसला होता. आम्हाला पाहून तो उठला, पंच्याला हात पुसले. आम्ही पाया पडलो. बाबा मागे उभे होते. त्यांना माफी मागायची होती हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं, आणि ती कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं, हेही कळत होतं. मामाने त्यांना वेळच दिला नाही. "बसा बोटीत," तो म्हणाला. "पाहा तं खरं कशी चालते."

बोट पाण्यावर होती तेव्हा केवढी हलकी दिसत होती! आमच्या अंगणात ती एखाद्या मेलेल्या जनावरासारखी जड वाटायची. मामाने बांबू रेटला आणि लाल नाक पाणी कापत निघालं. जूनचे पहिले ढग होते, पाऊस नव्हता. माझे यजमान मधल्या फळीवर दोन्ही कडा घट्ट धरून बसले होते. वस्तू पाण्यावर का तरंगते हे ते वर्गात दरवर्षी फळ्यावर शिकवायचे.

"जावईबापू," मामा हसत म्हणाला, "पोहता येते ना?"

"नाही," ते म्हणाले.

"अन् तुले, पोरी?"

"नाही. कुणी शिकवलंच नाही."

मामाचं हसू जरा मंदावलं. त्याने बांबू वर काढला, त्यावरून पाणी निथळू दिलं. मग, तिसरा माणूस आहे तर त्यालाही विचारायला हवं, एवढ्याच सहजपणे तो म्हणाला, "तुम्हाले तं येत असन, भाऊजी?"

बाबा पाण्याकडे पाहत होते. बोट आपोआप थोडी फिरली.

"येत होतं," बाबा म्हणाले.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. खिशातलं पेन काढलं, तेही ठेवलं. मी "बाबा" म्हणेपर्यंत ते इस्त्रीच्या शर्टासकट कडेवरून पाण्यात उतरले होते. बोट डचमळली. माझे यजमान ओरडले. मामा हलला नाही.

बाबा खाली गेले आणि वर आले. केस कपाळाला चिकटलेले. मग ते पोहू लागले, लांब, संथ हातांनी, आवाज न करता, जणू मधली सगळी वर्षं त्यांनी कोरड्या जमिनीवर काढलीच नव्हती. एकदाही ते आमच्याकडे वळले नाहीत. काठाकडेही नाही. सरळ धरणाच्या मोठ्या पाण्याकडे, आमच्याकडे पाठ करून. त्यांचा चेहरा आम्हाला दिसू नये, म्हणून.

मामाने बांबू पुन्हा पाण्यात घातला आणि बोट त्यांच्या मागोमाग नेली. अगदी हळू. हात पोचेल एवढी जवळ, आणि तोंड दिसणार नाही एवढी मागे.